समाजाच्या अभ्यासक इरावती कर्वे

विद्यार्थी मित्रांनो, आधी एका सोप्या प्रश्नाचे उत्तर द्या. तुमच्या आईच्या बहिणीला तुम्ही काय म्हणता? तुम्ही म्हणाल, खाला. मराठी बोलणारी मुले तिला मावशी म्हणतात. वडिलांच्या बहिणीला तुम्ही फूफी म्हणता, तर मराठी मुले आत्या म्हणतात. इंग्रजीत मात्र या दोघींसाठी एकच शब्द आहे, आंटी. असे का बरे असावे? आपल्या लोकांना ही दोन नाती वेगवेगळ्या नावांनी ओळखण्याची गरज वाटली. इंग्रजांना ती का वाटली नाही?

हा काय प्रश्न झाला, असे तुम्हाला वाटेल. नाती तर आपण लहानपणापासून बोलत आलो आहोत. त्यांचा अभ्यास कसला करायचा? पण विद्यापीठात एक शास्त्र असे शिकवले जाते, की ज्यात असे प्रश्न विचारावेच लागतात. त्याचे नाव समाजशास्त्र. उर्दूत त्याला समाजियात म्हणतात. माणसे एकत्र कशी राहतात, लग्ने कशी जमवतात, कोणाबरोबर जेवतात, कोणाबरोबर जेवत नाहीत, गाव सोडून शहरात का जातात, बाजारात कशासाठी येतात, या सर्वांचा अभ्यास या शास्त्रात होतो. एवढे सगळे एकाच विषयात कसे मावते? याचे उत्तर पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा एका बाईंच्या आयुष्यात अधिक चांगले सापडते. त्यांचे नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार. याच देशात रंगून शहरी शेवटचे मुघल बादशाह बहादूरशाह जफर यांची कबर आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. इरावतीबाईंचे वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. त्या देशातून इरावती नावाची मोठी नदी वाहते. आईवडिलांनी मुलीला त्या नदीचेच नाव दिले. घरात तिला सगळे इरू म्हणत.

इरू सात वर्षांची झाली, तेव्हा वडिलांनी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवले. हुजूरपागा ही पुण्यातील मुलींची जुनी आणि नामांकित शाळा. तेथील वसतिगृहात ती राहू लागली. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी पुण्यात! पण तेथे तिला शकुंतला परांजपे नावाची मैत्रीण मिळाली. शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. परांजपे यांच्या घरी इरू मुलीसारखी राहू लागली. त्या घरात पुस्तकेच पुस्तके होती. मोठी माणसे निरनिराळ्या विषयांवर मोकळेपणाने वाद घालत. कोणी मोठ्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, त्याचे कारण विचारायचे, ही सवय इरूला त्या घरात लागली. पुढे हीच सवय तिच्या फार उपयोगी पडली.

१९२६ मध्ये इरावतीबाई तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. झाल्या. त्यांना दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढील अभ्यासासाठी त्यांनी मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागात नाव घातले. हा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला होता. नगररचनेचे प्रसिद्ध जाणकार पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख होते. त्यांच्यानंतर डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे प्रमुख झाले. घुर्ये सर मूळचे मालवणचे. त्यांच्या हाताखाली भारतातील अनेक मोठे समाजशास्त्रज्ञ तयार झाले. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील एका खेड्यात राहून तेथील जीवनाचा अभ्यास केला. ए. आर. देसाई यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीमागे समाजातील कोणकोणते वर्ग होते, याचा शोध घेतला. गुरू एकच, पण एकाने खेडे निवडले, तर दुसऱ्याने राष्ट्राची चळवळ. यावरून या शास्त्राचा पसारा तुमच्या लक्षात येईल.

इरावतीबाईंनी एम. ए. साठी कोणता विषय घेतला असेल? त्यांनी आपल्याच जातीचा, म्हणजे चित्पावन ब्राह्मणांचा अभ्यास केला. मित्रांनो, परक्या लोकांविषयी लिहिणे सोपे असते. आपल्या माणसांकडे मात्र परक्याच्या नजरेने पाहावे लागते. ज्या चालीरीती आपण जन्मापासून पाळत आलो, त्यांना का आणि कशासाठी, असे विचारावे लागते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा हाच असतो.

याच सुमारास त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. महर्षींनी विधवांच्या शिक्षणासाठी आपले सारे आयुष्य वेचले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. अशा घरात सुनेच्या शिक्षणाला विरोध होईल, असे कोणाला वाटेल काय? पण तसे घडले. इरावतीबाईंनी डॉक्टरेटसाठी जर्मनीला जायचे ठरवले, तेव्हा महर्षींना ते पसंत पडले नाही. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन प्रवासाची आणि शिक्षणाची सोय झाली. १९२८ मध्ये बावीस वर्षांच्या इरावतीबाई बोटीने निघाल्या आणि बर्लिनला पोहोचल्या.

बर्लिनमध्ये माणसाच्या शरीराचा आणि आनुवंशिकतेचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था होती. ऑयगेन फिशर हे तिचे प्रमुख. त्यांचे नाव त्या काळी सर्वत्र गाजत होते. फिशर यांच्या मते गोऱ्या लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो. त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि त्यामुळेच ते इतर वंशांच्या लोकांपेक्षा अधिक बुद्धिमान असतात. ही गोष्ट मोजमापे घेऊन सिद्ध करायची, हे काम इरावतीबाईंकडे आले.

संस्थेत अनेक मानवी कवट्यांचा संग्रह होता. काही कवट्या युरोपातील लोकांच्या होत्या. काही जर्मनांच्या ताब्यातील आफ्रिकेच्या भागातून आणलेल्या होत्या. त्या माणसांची नावे कोणी नोंदवली नव्हती. त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते. इरावतीबाई रोज एकेक कवटी हातात घेत, काळजीपूर्वक मोजत आणि आकडे वहीत लिहीत. अशा शंभराहून अधिक कवट्या त्यांनी मोजल्या. शेवटी सर्व आकडे एकत्र मांडले, तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हे खरे होते. पण हा फरक गोऱ्या माणसात होता, तसाच काळ्या माणसातही होता. त्याचा वंशाशी काही संबंध नव्हता.

आता इरावतीबाईंची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. त्या परक्या देशात एकट्या होत्या. डोक्यावर कर्ज होते. घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून त्या आल्या होत्या. पदवी देणे न देणे गुरूंच्या हाती होते आणि गुरूंना कोणते उत्तर हवे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. काही आकडे गाळले असते, थोडे शब्द फिरवले असते, तर गुरू खूश झाले असते. पण इरावतीबाईंनी तसे केले नाही. जे मोजले, तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण प्रबंधाला श्रेणी मात्र खालची मिळाली.

पुढे १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा नीच, हा विचार तेथे सरकारी धोरण बनला. फिशर यांनी त्या राजवटीला साथ दिली. त्या विचारापायी लाखो निरपराध माणसांचे प्राण गेले. इरावतीबाईंचा प्रबंध हे अनर्थ थांबवू शकला नाही. परंतु शास्त्राच्या नावावर खोटे बोलायला एका भारतीय विद्यार्थिनीने नकार दिला होता, ही नोंद त्यात कायम राहिली.

भारतात परतल्यावर त्यांनी काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. पण कार्यालयात बसून कागदपत्रे पाहण्यात त्यांचे मन रमेना. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे त्या समाजशास्त्र शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. तेव्हाच्या पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभागही त्यांनीच सुरू केला. त्या काळी पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी बाई दिसणे हे एक नवल होते. इरावतीबाई मात्र खुशाल स्कूटरवरून फिरत. लोक थांबून पाहत, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती.

त्यांनी काय काय अभ्यासले, ते आता पाहा. गुजरातमधील लांघणज येथे अश्मयुगातील माणसांचे सांगाडे जमिनीतून काढण्याच्या कामात त्या पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर होत्या. हजारो वर्षांपूर्वीची माणसे हा त्यांच्या अभ्यासाचा एक टोकाचा विषय. दुसऱ्या टोकाला आठवड्याचा बाजार. आदिवासी, शेतकरी आणि व्यापारी बाजारात एकत्र येतात, तेव्हा तेथे मालाखेरीज आणखी कशाची देवाणघेवाण होते? ओळखी होतात, बातम्या कळतात, सोयरिकी ठरतात. म्हणून बाजार हाही समाजशास्त्राचा विषय ठरतो. फलटणसारखे छोटे गाव वाढून शहर कसे होते आणि आसपासच्या खेड्यांवर त्याचा काय परिणाम होतो, याचीही त्यांनी पाहणी केली.

नातेसंबंधांवरचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. आगगाडीने, एस. टी. ने, प्रसंगी पायी त्या गावोगाव गेल्या. बायकांजवळ बसून त्या विचारत, या नात्याला तुमच्याकडे काय म्हणतात? लग्न कोणाशी होते आणि कोणाशी होत नाही? त्यांना असे आढळले, की उत्तरेकडील हिंदू कुटुंबांत मुलगी सहसा दूरच्या, नात्याबाहेरच्या घरी दिली जाते. दक्षिणेकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न करण्याची चाल आहे. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. येथे मामाच्या मुलीशी लग्न होऊ शकते. म्हणून तर जुन्या मराठी घरांत सून आपल्या सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत असे. पाहिलेत ना, रोजच्या तोंडातल्या एका शब्दात किती जुना इतिहास लपलेला असतो!

जातीच्या प्रश्नावर तर त्यांनी आपले गुरू घुर्ये यांच्याशीच मतभेद मांडला. एक मोठी जात फुटून तिच्या पोटजाती होतात, असे घुर्ये यांचे म्हणणे होते. इरावतीबाईंनी कुंभारांचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात कुंभारांचे अनेक गट आहेत. कोणाचे चाक मोठे, तर कोणाचे लहान. हे गट एकमेकांत लग्ने करत नसत. इरावतीबाईंना पाहणीत आढळले, की हे एका घराचे तुकडे नव्हेत. ते मुळातच वेगवेगळे लोक असून एकच धंदा करत असल्यामुळे त्यांना एकच नाव पडले आहे. बर्लिनच्या गुरूंपुढे त्या जशा गप्प बसल्या नाहीत, तशा मुंबईच्या गुरूंपुढेही बसल्या नाहीत. दोन गुरूंत फरक मात्र मोठा होता. एकाच्या मागे वंशाचा गर्व होता. दुसऱ्याशी झालेला वाद हा दोन अभ्यासकांमधला प्रामाणिक वाद होता.

आषाढ महिन्यात लाखो वारकरी पायी पंढरपूरला जातात. तुमच्या गावावरूनही पालखी जात असेल. इरावतीबाई या वारीत चालल्या. त्यांच्या दिंडीत ब्राह्मणही होते आणि मराठेही होते. सगळे एकच अभंग गात, एकाच वाटेने चालत. परंतु जेवणाची वेळ झाली, की दोन चुली पेटत आणि दोन पंगती बसत. देव एक, वाट एक, मग पंगती दोन का? हे त्यांच्या मनाला लागले. त्या नुसत्या वहीत टिपण करून थांबल्या नाहीत. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या घरची सुखदुःखे सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. लांब उभे राहून जे कळत नाही, ते एका पंगतीत बसल्यावर कळते.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आणखी एक अवघड काम हाती घेतले. सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर मोठे धरण झाले. त्या धरणाची वीज कारखान्यांना आणि शहरांना मिळाली. पण ज्यांची घरे, शेते, देवळे आणि वाटा पाण्याखाली गेल्या, त्यांचे काय झाले? इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी त्या विस्थापितांची पाहणी केली. जुने गाव कसे होते, नव्या जागी काय मिळाले, काय हरवले, हे घरोघरी विचारून घेतले आणि १९६९ मध्ये ते अहवालात मांडले. धरण मोजताना सिमेंट आणि वीज मोजतात. उठवलेल्या माणसांचे हाल मोजण्याचे काम समाजशास्त्र करते.

या सर्व अभ्यासाबरोबरच त्या सुंदर मराठी लिहीत. परिपूर्ती आणि भोवरा हे त्यांचे ललित लेखांचे संग्रह आजही वाचले जातात. महाभारतातील माणसांवर त्यांनी युगान्त हे पुस्तक लिहिले. तेथेही त्यांची नजर समाजशास्त्रज्ञाचीच होती. कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे त्यांनी घरात, कुळात आणि नात्यांत अडकलेली माणसे म्हणून पाहिले. या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

इरावतीबाईंचे सगळेच म्हणणे आज मान्य होते, असे नाही. लोकांच्या डोक्याची आणि नाकाची मापे घेऊन त्यांचे मूळ शोधण्याची पद्धत त्यांनी नंतरही चालू ठेवली होती. ती आता मागे पडली आहे. पण यात कमीपणा नाही. त्यांनी गुरूंचे म्हणणे तपासून पाहिले, तसे पुढच्या अभ्यासकांनी त्यांचे म्हणणे तपासले. शास्त्र असेच पुढे जाते.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे विद्यापीठात जातील. कोणी समाजशास्त्र हा विषय घेईल. त्यासाठी बर्लिनला जावे लागेलच, असे नाही. सुरुवात आजच घरापासून करता येईल. आज संध्याकाळी दादी किंवा नानीजवळ बसा. तुमचे घराणे या गावात कधी आणि कोठून आले, पूर्वी कोणता धंदा होता, लग्ने कोणत्या घरांत होत, हे विचारा. मोठ्या चुलत्याला ताया आणि धाकट्याला चचा का म्हणतात, हेही विचारा. मग शेजारच्या मराठी घरी जाऊन तेच प्रश्न विचारा आणि दोन्ही उत्तरे वहीत समोरासमोर लिहा. काही उत्तरे तुम्हाला आवडतील, काही आवडणार नाहीत. काही तर तुमच्या समजुतीच्या अगदी उलट निघतील. तरीही जे ऐकले, जे पाहिले, तेच लिहा. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या त्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने एवढेच केले होते.